गाडी घेण्याआधी तिच्या सुट्या भागांची चौकशी

आज बोलायचंय गाडीबद्दल. आपल्यातले बरेच गट आता पापड, मसाले, भाजी घेऊन तालुक्याच्या बाजारात जातात. भाड्याचा टेम्पो परवडत नाही, म्हणून जुनी गाडी घ्यायचा विचार बैठकीत निघतो. मग वाद सुरू होतो. एक म्हणते, जपानी गाडीच घ्या, पार्ट कुठेही मिळतात. दुसरी म्हणते, कोरियन गाडी दिसायला चांगली आणि तेवढ्याच पैशात मिळते. खरं काय ते आपण समजून घेऊ.

आधी कोण कुठलं ते पाहू. सुझुकी, टोयोटा, होंडा या जपानी कंपन्या. ह्युंदाई आणि किआ या कोरियन. मारुती ८०० रस्त्यावर आली १९८३ साली, सुझुकीच्या तंत्रावर. ह्युंदाईची सँट्रो आली १९९८ साली, चेन्नईजवळच्या कारखान्यातून. म्हणजे मारुतीला पंधरा वर्षं जास्त मिळाली. तेवढ्या काळात गावोगावचे मिस्तरी तिच्यावरच हात बसवून तयार झाले आणि दुकानदारांनी तिचाच माल भरला. जपानी गाडीचे पार्ट मिळतात असं आपण म्हणतो, तेव्हा बहुतेक वेळा आपल्या मनात मारुतीच असते.

पण देशाच्या नावावर सगळं ठरत नाही. मित्सुबिशीची लान्सर जपानीच होती. ती थोडी विकली गेली आणि पुढे बंद झाली. दैवूची मॅटिझ कोरियन होती. कंपनीच डबघाईला आली आणि इथला कारखाना बंद पडला. अशा गाड्या स्वस्तात मिळतात, पण त्यांचा भाग शोधत शहरापर्यंत जावं लागतं. उलट सँट्रो, आय-टेन या कोरियन गाड्या भरपूर खपल्या, म्हणून त्यांचे नेहमीचे भाग आज तालुक्याच्या दुकानातही मिळू शकतात.

म्हणजे पाहायचं ते हे: गाडी इथे बनली का, भरपूर खपली का, आणि कंपनी अजून इथे आहे का. चौथी गोष्ट म्हणजे भाग दुसऱ्या गाडीला चालतात का. टोयोटाची ग्लान्झा ही मुळात मारुतीची बलेनोच आहे, त्यामुळे तिचे बरेच भाग सारखे. किआ आणि ह्युंदाई एकाच समूहातल्या, म्हणून त्यांचीही काही इंजिनं आणि आतले भाग सारखे असतात. बाहेरचा पत्रा आणि दिवे मात्र वेगळे.

भागही दोन तऱ्हेचे असतात. ऑइल फिल्टर, ब्रेक पॅड, क्लच प्लेट, बेल्ट हे झिजणारे. ते कंपनीशिवाय इतर कारखानेही बनवतात, म्हणून लवकर मिळतात. हेडलाइट, बंपर, दाराचा पत्रा, इंजिनचा संगणक हे क्वचित लागणारे. ते दुकानदार भरून ठेवत नाही, मागवावे लागतात. गाडी अडकते ती अशाच भागासाठी. गाडी उभी राहिली तरी कर्जाचा हप्ता थांबत नाही, आणि तो भरायचा गटानेच.

म्हैस घेताना आपण दुधाइतकीच वैरणीचीही चौकशी करतो. तसंच इथे करायचं. इसार देण्याआधी दोघीजणींनी तालुक्याच्या पार्टच्या दुकानात जावं. आरसीवरचा चेसिस नंबर आणि गाडीचं साल दाखवावं. नाव तेच असलं तरी भाग बदलतात. १९९८ची सँट्रो आणि २०१८ची सँट्रो या वेगळ्या गाड्या आहेत. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, हेडलाइट आणि रेडिएटर या चार भागांची किंमत आणि मिळायला लागणारे दिवस विचारून वहीत लिहावेत. मग गावातल्या मिस्तरीला विचारावं, "दादा, ही गाडी तुम्ही खोलली आहे का?" तो नाही म्हणाला, तर दर वेळी गाडी शहरात न्यायचा खर्चही हिशेबात धरावा.

भाग घेताना सीलबंद खोका, त्यावरची छापील किंमत आणि पार्ट नंबर पाहावा. पक्कं बिल मागावं. ब्रेक आणि स्टिअरिंगचे भाग स्वस्त नकली घेऊ नयेत. त्या गाडीत आपल्याच मैत्रिणी बसणार आहेत. फसवणूक झालीच, तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर १९१५ आहे. तक्रारीला बिल हाच पुरावा.

तेव्हा पुढच्या बैठकीत कोरियन की जपानी हा वाद निघाला, तर दोन्ही गाड्यांचे ते चार भाव वहीतून वाचून दाखवा. आणि दुरुस्तीसाठी दर महिन्याला थोडी रक्कम वेगळी टाकायचा ठराव गाडी घेण्याच्या ठरावाबरोबरच करून घ्या.