मास्तरांना गुण देताना

साताऱ्या-सांगलीच्या कॉलेजांत नॅकच्या मूल्यांकनाची धावपळ सुरू झाली की विद्यार्थ्यांकडे समाधान सर्वेक्षणाची प्रश्नावली येते. २० प्रश्नांना पर्याय निवडायचे, एकविसाव्यात सूचना लिहायच्या. पहिलाच प्रश्न, अभ्यासक्रम किती टक्के शिकवून झाला? पुढे प्राध्यापक तयारीने येतात का, त्यांचं बोलणं समजतं का. मुलांना मत विचारलं जातं, हे मोलाचं आहे. पण शिकवण्याची पारख एवढ्यावर होते, असं मला वाटत नाही.

उदाहरणच घ्यायचं तर शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे, १९८८ पासूनचं. साडेपाच वर्षांचा अभ्यासक्रम, त्यातलं शेवटचं वर्ष इंटर्नशिपचं. पशुवैद्यकाला गाय गाभण आहे का, हे हाताने ओळखावं लागतं. खांद्यापर्यंत हातमोजा चढवून गुदमार्गातून हात घालायचा आणि आतड्याच्या भिंतीपलीकडचं गर्भाशय चाचपायचं. मुलाच्या बोटांना काय लागतंय, हे शेजारी उभ्या सरांना दिसत नाही. म्हणून ते विचारतात, ‘आत्ता हाताला काय लागलं? दोन्ही बाजू सारख्या आहेत का?’ मग स्वतः तपासून मुलगा कुठे चुकला ते सांगतात. बोटांना कळणारी गोष्ट शब्दांत मांडता येणं ही फार मोठी विद्या आहे, आणि तिच्यासाठी प्रश्नावलीत जागा नाही.

मात्र एकाच जनावराला बॅचमधल्या सगळ्यांनी तपासलं तर आत इजा होऊ शकते. जनावरं कमी असली की काहींचा हात कोरडाच राहतो. ‘प्रॅक्टिकल नीट झालं नाही’ म्हणून गुण कमी पडतात ते शिक्षकाचे. उणीव खरं तर गोठ्याची असते.

उलटंही घडतं. १९७० साली अमेरिकेत ‘डॉक्टर फॉक्स’ या नावाने एका नटाला शिक्षणक्षेत्रातल्या जाणत्या श्रोत्यांपुढे उभं केलं होतं. भाषण मुद्दामच पोकळ, विसंगत रचलेलं. बोलणं मात्र रंगतदार. श्रोत्यांनी त्याला चांगला शेरा दिला. जाणती माणसं फसली, तिथे पहिल्या वर्षाच्या पोरांना दोष कसा द्यायचा? म्हणून मुलांचं मत कमी लेखावं, असं मात्र मी म्हणणार नाही. सर वेळेवर येतात का, शंका विचारल्यावर चिडतात का, इंग्रजीत अडलेल्या मराठी माध्यमाच्या पोराला मराठीत समजावतात का, याचे खरे साक्षीदार तेच असतात. विषय किती पक्का झाला, हे कळायला मात्र काळ जावा लागतो.

त्यामुळे इंटर्नशिप संपताना आणि नोकरीत दोन वर्षं काढल्यावर याच मुलांना पुन्हा विचारावं. गाय अडली तेव्हा कोणाचं शिकवलेलं कामी आलं? कोणता विषय पुन्हा पहिल्यापासून शिकावा लागला? ही उत्तरं नाव न लावता त्या-त्या शिक्षकाच्या हाती द्यावीत आणि प्रॅक्टिकलला जनावरं कमी पडली असं मुलांनी लिहिलं असेल, तर तो कागद विद्यापीठाच्या अंदाजपत्रकाच्या बैठकीत ठेवावा.