वाढत्या हाडांचं हॉस्पिटल

मुंबईत हाजी अलीला, केशवराव खाड्ये मार्गावर, मुलांच्या हाडांचं हॉस्पिटल उभं राहिलं ते एका आईमुळे. चाळीसच्या दशकात फातिमा इस्माईल यांच्या लहानग्या लेकीला, उषाला पोलिओ झाला. त्या काळी पोलिओवर लस नव्हती. साल्क यांची लस यायला १९५५ साल उजाडावं लागलं. लुळ्या पडलेल्या पायाला मालिश करा आणि देवावर हवाला ठेवा, याखेरीज बहुतेक आईबापांच्या हाती काही नसे. फातिमाबाई तेवढ्यावर थांबणाऱ्या नव्हत्या. भाऊ उमर सोबानी होमरूल चळवळीतले मोठे कार्यकर्ते, त्या स्वतःही स्वातंत्र्यलढ्यात उतरलेल्या. मुलीला घेऊन त्या मद्रासला डॉ. एम. जी. किणी यांच्याकडे गेल्या. तिथे चिकाटीने उपचार आणि व्यायाम झाले आणि उषा चालू लागली.

एवढ्यावर त्यांची गोष्ट संपली असती तरी कोणी नावं ठेवली नसती. पण १९४७ साली, देश स्वतंत्र होत असताना, त्यांनी मुंबईत पोलिओच्या मुलांसाठी काम सुरू केलं. त्यातून ‘सोसायटी फॉर द रिहॅबिलिटेशन ऑफ क्रिपल्ड चिल्ड्रन’ ही संस्था आणि पुढे हाजी अलीचं हॉस्पिटल आकाराला आलं. १९५८ साली त्यांना पद्मश्री मिळाली, नंतर त्या राज्यसभेवरही गेल्या. मला मात्र त्यांचं मोठेपण दुसऱ्याच गोष्टीत दिसतं. त्या डॉक्टर नव्हत्या. मुलाच्या पायाला रोज हात लावणारं माणूस घरातलं असतं, हे त्यांनी स्वतः अनुभवलं होतं, आणि ते माणूस उपचारात धरल्याशिवाय मूल उभं राहत नाही.

पोलिओचा विषाणू मज्जारज्जूतल्या, स्नायूंना हुकूम देणाऱ्या पेशी मारतो. मुलाला स्पर्श कळतो, वेदना कळते, पण पाय उचलता येत नाही. खरी पडझड ताप उतरल्यावर सुरू होते. एका बाजूचा स्नायू लुळा आणि दुसऱ्या बाजूचा धडधाकट असला की धडधाकट स्नायू पाऊल आपल्याकडे ओढत राहतो. टाच उचलली जाते, गुडघा आखडतो, लुळा पाय वाढीत मागे पडून तोकडा राहतो. मग व्यायाम, प्लास्टर, कधी चांगल्या स्नायूचा कंडरा सोडवून लुळ्याच्या जागी जोडण्याची शस्त्रक्रिया, आणि अखेर कॅलिपर.

जुना कॅलिपर ज्यांनी जवळून पाहिलाय त्यांना त्याचा खणखणाट आठवत असेल. मांडीपासून बुटापर्यंत दोन लोखंडी पट्ट्या, मांडीला आणि पोटरीखाली चामड्याचे पट्टे, गुडघ्याच्या सांध्याशी दोन कड्या. मूल उभं राहिलं की कड्या खाली सरकून गुडघा पक्का होतो. बसायचं तर आधी हाताने त्या वर ओढायच्या, नाहीतर पाय समोर ताठच. शाळेत बाकाशी बसता-उठताना हे दिवसातून कितीदा करावं लागत असेल! शिवाय मूल वाढतं, कॅलिपर वाढत नाही. पट्टी लांबवा, पट्टा सैल करा, बुटाच्या तळाला आणखी एक थर द्या, असं चालूच. म्हणून अशा हॉस्पिटलाला शस्त्रक्रियेच्या खोलीइतकीच गरज कारखान्याची असते. लोखंड आणि चामडं हाताळणारे कारागीर तिथे डॉक्टरांच्या बरोबरीने मुलं उभी करत होते. त्यांच्याबद्दल कुठे काही लिहिलेलं सापडत नाही, याचं वाईट वाटतं.

हाजी अलीचा हा सगळा परिसरच पुढे पुनर्वसनाचा झाला. शेजारीच १९५५ साली केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसनाची अखिल भारतीय संस्था सुरू झाली. आणि ज्या आजारामुळे हे सारं उभं राहिलं, तो आजारच देशातून गेला. पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११मध्ये पश्चिम बंगालमधल्या हावडा जिल्ह्यात सापडला. २७ मार्च २०१४ रोजी भारत पोलिओमुक्त असल्याचं प्रमाणपत्र मिळालं. २०१७मध्ये संस्थेचं हाजी अलीचं हॉस्पिटल नव्या रूपात सुरू झालं, आणि आता तिथे हाडांपलीकडचे बालरोगही पाहिले जातात.

पण मुलांच्या हाडांच्या ओपीडीतली गर्दी पोलिओबरोबर गेली नाही. मुडदूस झालेली, पाय धनुकलीसारखे वाकलेली मुलं येतात. मेंदूच्या पक्षाघाताची, म्हणजे सेरेब्रल पाल्सीची मुलं येतात. आणि जन्मतः पाऊल आत वळलेली बाळं येतात. हजार जन्मांमागे साधारण एकाला हा दोष असतो. पूर्वी यावर मोठी शस्त्रक्रिया करत, सांधे उघडून पाऊल सरळ करत. पाऊल दिसायला सुधारे, पण वयात आल्यावर ते ताठर होई आणि दुखे. अमेरिकेत आयोवाला काम करणारे स्पॅनिश डॉक्टर इग्नासिओ पॉन्सेटी यांनी चाळीसच्या दशकाच्या शेवटापासून प्लास्टरची निराळी पद्धत बसवली. जगाने ती मनापासून स्वीकारली ती नव्वदच्या दशकानंतर.

ही पद्धत जवळून पाहण्यासारखी आहे. बाळाला भुकेल्या पोटी आणायला सांगतात, म्हणजे प्लास्टर चालू असताना ते दूध पीत शांत राहतं. डॉक्टरांचा अंगठा घोट्याच्या पुढे, बाहेरच्या बाजूला एका हाडाच्या टोकावर टेकलेला. दुसरा हात पाऊल हलकेच बाहेर वळवतो. जोर अजिबात नाही. कापसाचा पातळ थर, त्यावर ओल्या प्लास्टरच्या पट्ट्या, गुडघा काटकोनात ठेवून थेट जांघेपर्यंत. बोटं उघडी ठेवतात, काळीनिळी पडली तर आईला लगेच दिसावं म्हणून. आठवड्याने प्लास्टर काढायचं, पाऊल आणखी थोडं वळवायचं, नवं घालायचं. पाच-सहा आठवड्यांत पाऊल सरळ येतं. टाच अजून वर ओढलेली राहिली, आणि बहुतेकांची राहतेच, तर तिच्यामागचा कंडरा जागा बधिर करून छोट्याशा छेदातून कापतात. तो तीन आठवड्यांत प्लास्टरच्या आत, वाढीव लांबीचा होऊन पुन्हा जुळतो.

यानंतरचं सगळं घरी. दोन बूट आणि त्यांना जोडणारी पट्टी: पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, मग चार वर्षांचं होईपर्यंत झोपेत. पाऊल सरळ दिसत असतं, बाळ पट्टी घातली की रडतं, सासूबाई म्हणतात, “काढ गं, लेकरू हैराण झालंय.” पट्टी सुटते आणि पाऊल पुन्हा वळतं. केसपेपरवर मग ‘पालकांनी काळजी घेतली नाही’ असा शेरा पडतो. मला हा शेरा अन्यायाचा वाटतो. जिने मूल पोटात असताना ग्रहण पाळलं नाही म्हणून बोलणी खाल्ली, तिला हॉस्पिटलनेही बोल लावायचा? पहिल्याच भेटीत, घरच्या वडीलधाऱ्यांच्या देखत, यात आईची काही चूक नाही आणि ग्रहणाचा याच्याशी संबंध नाही, असं डॉक्टरांनी ठणकावून सांगितलं तर पट्टी टिकायला मदत होईल.

घरच्या सवयी कधी उपकारकही असतात. बाळाचे पाय सरळ करून घट्ट गुंडाळले तर खुब्याचा कच्चा सांधा निसटू शकतो. आपल्याकडे बाळ कडेवर घेतात, पाय आईच्या कमरेच्या दोन बाजूंना फाकलेले. खुब्यासाठी ही ठेवण चांगली. दुपट्यात घट्ट बांधायचंच असेल तर वरचं अंग बांधा, पाय मोकळे ठेवा, असं बाळंतिणीला सांगणारी परिचारिका मोठी शस्त्रक्रिया वाचवते.

सेरेब्रल पाल्सीत मात्र कुठलीच गोष्ट एका झटक्यात होत नाही. मेंदूची इजा वाढत नाही, पण हाडं वाढतात, आणि ताठ स्नायू त्यांच्याबरोबर लांबायला तयार नसतात. खुबा सरकतोय का हे पाहायला ठरावीक काळाने एक्स-रे लागतो; वाढ पुरी होईपर्यंत फेऱ्या संपत नाहीत. गडचिरोलीच्या किंवा नंदुरबारच्या आईने त्यासाठी दरवेळी मुंबई गाठायची का? राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात २०१३पासून वळलेलं पाऊल आणि निसटलेला खुबा या दोन्हींची तपासणी आहे, जिल्ह्याच्या ठिकाणी लवकर निदान केंद्रंही आहेत. वळलेल्या पावलाला प्लास्टर घालायला महाग यंत्र लागत नाही. शिकलेले हात लागतात, बूट आणि पट्टी वेळेवर मिळावी लागते, आणि भेट चुकली तर त्या घरी फोन करणारं कोणी तरी लागतं. एवढं प्रत्येक जिल्हा रुग्णालयात असायला हवं.