आधी खडा, मग घाट

माझ्या आजीच्या नथीत मोती किती, हे आमच्या घरातील लहानथोर सर्वांस ठाऊक होते. परंतु त्या मोत्यांच्या मधोमध बसविलेला तांबडा खडा खरोखर माणकाचा आहे की नाही, असा प्रश्न तिच्या हयातीत कोणी केला नाही, आणि केला असता तरी तो तिला रुचला नसता. तिच्या पश्चात नथीची तार झिजून दोन ठिकाणी तुटली, तेव्हा तोच ऐवज वापरून माझ्या धाकट्या बहिणीसाठी काही नवे घडवून घ्यावे असे ठरले. त्या निमित्ताने गावाकडील एका वृद्ध सोनाराच्या दुकानी मी वरचेवर जाऊन बसलो, आणि तेथे जे पाहिले व ऐकले त्यावरून माझे असे ठाम मत झाले की, तयार दागिना विकत घेणे आणि घरचे रत्न देऊन दागिना करविणे हे दोन मुळातच भिन्न व्यवहार आहेत. पहिल्यात घाट आधी ठरतो व त्याला साजेसे खडे मागून शोधले जातात. दुसऱ्यात खडा आधी असतो आणि घाटाने त्याच्या मागून चालावयाचे असते.

आम्ही गेलो होतो ते टपोऱ्या मोत्याच्या अंगठीचे चित्र मनात धरून. शेटांनी (आमच्या कोकणात सोनारास शेट म्हणण्याची रीत आहे) एकेक मोती उजेडात फिरवून पाहिला आणि म्हणाले, "अंगठी नको. ह्या मोत्यांना आरपार वेज आहे." अंगठीवर मोती बसवावयाचा तर त्याला अर्धाच वेज पाडून आत सोन्याची बारीक खुंटी चिकटवितात, म्हणजे वरचा गोल अभंग राहतो, नथीतला मोती मात्र तारेत ओवण्यासाठी या टोकापासून त्या टोकापर्यंत विंधलेला असतो, आणि तो अंगठीवर ठेवला तर वरचे छिद्र सोन्याच्या टिकलीने झाकण्यावाचून गत्यंतर नाही. तारेवर वाढलेले मोती तारेवरच शोभतील, म्हणून कुड्या कराव्यात, असा त्यांनी निवाडा दिला. आणि अंगठीचे चित्र आम्ही तेथेच सोडून दिले.

माणकाची हकीकत याहून उद्बोधक होती. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली त्या खड्याच्या अंतरंगात वर्तुळाच्या खंडासारख्या वक्र रेषा दिसल्या, आणि तेवढ्यावरून तो कारखान्यात घडला असल्याचे सिद्ध झाले. कारण भूगर्भात वाढलेल्या माणकातील वाढीच्या रेषा सरळ असतात व कोनात मिळतात. ऑग्यूस्त व्हेर्नय या फ्रेंच रसायनज्ञाने ॲल्युमिनाची भुकटी ज्योतीत वितळवून माणिक तयार करण्याची आपली कृती १९०२ साली जाहीर केली, आणि त्यानंतर अशी माणके जगभरच्या बाजारांत पसरली. त्यामुळे विसाव्या शतकातील दागिन्यांत ती आढळली तर नवल मानू नये. रासायनिक दृष्ट्या ते माणिकच असते, काच नव्हे. तथापि मोलात जमीनअस्मानाचे अंतर. रत्नपरीक्षेतील प्रमादापासून राजेरजवाडेही सुटलेले नाहीत: इंग्लंडच्या राजमुकुटात मिरवणारे 'ब्लॅक प्रिन्सचे माणिक' वस्तुतः माणिक नसून स्पिनेल नावाचे निराळेच रत्न आहे. म्हणून घरच्या खड्यावर घडणावळ खर्च करण्यापूर्वी तो मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्यावा. मोती नैसर्गिक की शेतीचा हे तर क्ष-किरणांनी आतली रचना पाहिल्यावाचून खात्रीने सांगता येत नाही. आमचा खडा मात्र आम्ही बदलला नाही. आजी तो आयुष्यभर माणिक म्हणून ल्याली होती, आणि आमच्या लेखी त्याची किंमत तीच.

रत्नाची जात कळली की त्याचा स्वभाव कळतो, आणि कारागिराचे खरे शहाणपण येथेच लागते. मोसच्या मोजपट्टीवर हिऱ्याचे काठिण्य १०, माणिक-नीलमांचे ९, पाचूचे साडेसात ते ८, पोवळ्याचे ३ ते ४ आणि मोत्याचे अवघे अडीचच्या आसपास. परंतु काठिण्य म्हणजे सोशिकपणा नव्हे. पाचूच्या पोटात जन्मजात भेगा असतात व त्या दिसू नयेत म्हणून त्यांत तेल मुरविण्याची प्रथा फार जुनी आहे. माझ्या आईची पाचूची अंगठी एका दुकानी केवळ कडे वाढविण्यासाठी दिली असता, खडा न काढताच तिला आच दिली गेली; परत आली तेव्हा हिरव्या खड्यात पांढुरकी जाळी उभी राहिली होती, आणि तो पूर्वीसारखा पुन्हा कधी झाला नाही. ते दुःख आईने बोलून दाखविले नाही, पण अंगठी पुन्हा बोटात घातली नाही. माणिक वस्तुतः बरीच उष्णता सोसते, तरी सांधा जोडण्यासाठी डाक लावताना वापरलेली सवागी (टाकणखार) तापलेल्या माणकाला लागली तर त्याचा पृष्ठभाग खाऊन टाकते. मोती तर सौम्य आम्लातही झिजतो. यास्तव आगीची व आम्लाची सारी कामे आधी उरकून, उजाळा देऊन, सर्वांत शेवटी रत्न बसवावयाचे, हा क्रम ज्याने मोडला त्याच्या हाती घरचा ऐवज देऊ नये.

बसविण्याच्या तऱ्हाही रत्न पाहूनच ठरतात. पारदर्शक, पैलूदार हिऱ्याला खालून-बाजूंनी प्रकाश हवा, म्हणून त्याला उघड्या घरात बारीक नख्यांनी धरतात. आणि २२ कॅरटचे, म्हणजे शेकडा ९१.६ शुद्धतेचे सोने अशा नख्यांना मऊ पडत असल्याने तेथे शेकडा ७५ शुद्धतेचे १८ कॅरट सोने पत्करणे शहाणपणाचे. नाजूक वा चपट्या खड्याला आपले कोंदणच बरे. कुंदनाच्या जडावात लाखेवर चकचकीत वर्ख व त्यावर खडा ठेवून चोख सोन्याची पातळ पट्टी त्याच्या कडेने दाबत बसवितात, आणि तसल्या निर्भेळ सोन्याचे थर नुसत्या दाबाने, डाकाशिवाय, एकजीव होतात. अग्नीवाचून रत्न बांधण्याची ही युक्ती मला आपल्या कारागिरीचा मुकुटमणी वाटते. मात्र पाणी आत शिरले की वर्ख काळवंडतो, ही खबरदारी घालणाऱ्याने घ्यावयाची.

खड्याला नवे पैलू पाडण्याचा मोह पुष्कळांना होतो. १८६ कॅरटांहून अधिक वजनाचा कोहिनूर १८५२ साली लंडनमध्ये पुन्हा पैलू पाडल्यावर सुमारे १०५ कॅरटांचा उरला, एवढे ध्यानात ठेवावे.

आता वजनमापाविषयी. रत्नाच्या वजनाचा एक कॅरट म्हणजे २०० मिलिग्रॅम, म्हणजे पाच कॅरटांचा एक ग्रॅम होतो. तेव्हा साडेसहा ग्रॅम भरलेल्या अंगठीत अडीच कॅरटांचा खडा असेल तर सोने सहाच ग्रॅम, आणि हिशेब त्याचाच व्हावा. कुंदनात लाखेचेही वजन असते. शिवाय कुंदन, पोलकी व जडावाचे दागिने सक्तीच्या हॉलमार्कमधून वगळलेले आहेत, म्हणून तेथे सोन्याचा कस व निव्वळ वजन पावतीवर स्वतंत्र लिहून घेणे अधिकच अगत्याचे. कौटिल्याने अर्थशास्त्रात सोनारांच्या चोरीच्या पाच युक्त्या नोंदवून खोट्या काट्याची त्यांत गणना केली आहे, यावरून हा संशय किती पुरातन आहे ते दिसते. पण शेट स्वतःच फर्द करीत होते: प्रत्येक मोत्याचे वजन, रंग, वेजाजवळचा ओरखडा, खड्याची लांबी-रुंदी, सारे आमच्यासमक्ष लिहून, खाली दोघांच्या सह्या. लेखी तपशिलाने प्रामाणिक कारागिराचा अपमान होत नाही, त्याचे रक्षणच होते.

जुने सोने आमच्यादेखत मुशीत गेले. या गलाईच्या कामात सांगली जिल्ह्यातील विटे-खानापूर भागाची माणसे भारतभर पसरली आहेत, आणि दूरच्या शहरातल्या सराफकट्ट्यावरही मराठी कानी पडते ती त्यांच्यामुळे. कानशीखालून उडालेला कणही वाया जात नाही. दुकानातला केर झारेकरी नेतात आणि तो धुऊन-गाळून त्यातले सोने वेगळे काढतात.

कुड्या तयार झाल्या तेव्हा मधोमध तोच तांबडा खडा होता व भोवती आजीचे मोती. जोडीच्या दुसऱ्या कुडीसाठी तसाच खडा शोधावयास शेटांना बरेच दिवस लागले होते. फर्दीतली शेवटची ओळ त्यांनी बोट ठेवून वाचून दाखविली, आणि कुड्यांत न सामावलेले दोन बारीक मोती, वर वजन लिहिलेल्या कागदाच्या पुडीत बांधून, बहिणीच्या हातावर ठेवले.