न सांगण्याचा अपराध

धंदा म्हटला की नफ्यातोट्याचा हिशेब आलाच. परंतु कामगाराच्या फुफ्फुसांची अवस्था मालकाला कळावी, ती त्याच हिशेबात मांडली जावी आणि कामगाराला मात्र तिचा पत्ता लागू नये, ह्याला धंदा म्हणता येत नाही. अमेरिकेतील जॉन्स-मॅनव्हिल ह्या उष्णतारोधक साहित्य बनविणाऱ्या कंपनीचा इतिहास ज्यांनी वाचला असेल, त्यांना ह्या विधानाची सत्यता पटवून द्यावी लागणार नाही.

ॲस्बेस्टॉस हे खनिज तंतूंच्या रूपात सापडते. ते जळत नाही, उष्णता बाहेर जाऊ देत नाही आणि स्वस्तही पडते. वाफेच्या युगाला असेच काही हवे होते. हेन्री वॉर्ड जॉन्स ह्याने १८५८ साली न्यूयॉर्कमध्ये कारखाना काढला. १९०१ साली त्याचे मॅनव्हिल कंपनीशी एकीकरण झाले आणि पाहता पाहता बॉयलर, वाफेचे नळ, तेलशुद्धीकरण कारखाने आणि जहाजांची यंत्रघरे ह्या तंतूंनी वेढली गेली. संस्थापक जॉन्स १८९८ सालीच निवर्तला होता. त्याचा बळी छातीत गेलेल्या ह्याच धुळीने घेतला असावा, असे मानले जाते.

हे तंतू श्वासावाटे आत गेले की फुफ्फुसांत रुतून बसतात. फुफ्फुसे हळूहळू कठीण होतात, माणसाला दम लागू लागतो. पुढे कर्करोगही संभवतो. फुफ्फुसांवरील आवरणाचा मेसोथेलिओमा हा असाध्य कर्करोग प्रामुख्याने ह्याच धुळीमुळे होतो. हे सारे वीस, तीस, कधी चाळीस वर्षांनी प्रकट होते. विलंबाने येणारा हा रोग मालकाला सोयीचा असतो. कारण तोवर कामगार काम सोडून गेलेला असतो. इंग्लंडमध्ये १९२४ साली अशा एका मृत्यूची नोंद वैद्यकीय नियतकालिकात झाली. १९३० साली सरकारी चौकशीचा अहवाल आला आणि १९३१ साली धुळीविषयीचे नियमही झाले. तेव्हा ‘आम्हांस ठाऊक नव्हते’ हा बचाव त्या दशकापासूनच लंगडा पडला होता.

आणि तो खोटाही होता. १९३५ साली ॲस्बेस्टॉस धंद्याच्या एका व्यापारी मासिकाच्या संपादकाने एका बड्या कारखानदाराला पत्र लिहून ह्या रोगाविषयी काही छापण्याची परवानगी मागितली. आपण पूर्वी विनंती केल्यामुळे आम्ही आजवर काही छापले नाही, असेही त्याने त्यात नमूद केले. त्या कारखानदाराने जॉन्स-मॅनव्हिलच्या वकिलाला कळविले की, ह्या विषयाची चर्चा जितकी कमी तितके आपले हित. वकिलाने त्यास दुजोरा दिला. वृत्तपत्रव्यवसायातील माणसाला हा पत्रव्यवहार विशेष बोचतो. सालाझारशाहीचा सेन्सॉर गोमंतकाने सोसला आहे. तो सेन्सॉर निदान उघडपणे रेघ ओढीत असे. येथे रेघ ओढावी लागली नाही; एका विनंतीवर लेखणी आपण होऊन थांबली.

१९४९ सालचा अहवाल तर ह्याहून भयंकर आहे. कंपनीच्या वैद्यकीय अधिकाऱ्याने ७०८ कामगारांची क्ष-किरण चित्रे तपासली. त्यांत निरोगी फुफ्फुसांची अवघी ४ निघाली. ज्यांच्यात रोगाची सुरुवात दिसत होती परंतु ज्यांना अद्याप त्रास जाणवत नव्हता, त्यांना काही सांगू नये, कारण ते कामावर राहिले तर कंपनीला त्यांच्या अनुभवाचा लाभ होईल, असा अहवालाचा आशय होता. वैद्याने रोग ओळखावा आणि रोग्याला सांगू नये, ह्याला कोणत्या शास्त्राचा आधार आहे?

सत्य बाहेर यायला आणखी दीड दशक गेले. न्यूयॉर्कचे डॉ. आयर्व्हिंग सेलिकॉफ ह्यांनी १९६४ साली उष्णतारोधक काम करणाऱ्या संघटित कामगारांचा अभ्यास प्रसिद्ध केला. कंपनीने मालावर सावधगिरीची चिठ्ठी लावण्यास आरंभ केला तोही त्याच वर्षी. टेक्सासमधील एका कामगाराने तेहतीस वर्षे हे काम केले होते. फुफ्फुसांत जाताच ही धूळ विरघळते, असा त्याचा समज होता. त्याने जॉन्स-मॅनव्हिलसह अनेक उत्पादकांवर दावा लावला. इशारा न देणारे उत्पादक जबाबदार आहेत, असा निर्णय वरिष्ठ न्यायालयाने १९७३ साली कायम केला. तो ऐकायला कामगार हयात नव्हता. १९७७ साली जुनी पत्रे हाती लागली आणि दाव्यांचा पूर लोटला. १९८२ सालच्या ऑगस्टमध्ये, सुमारे १६,५०० दावे उभे असताना, ह्या सधन कंपनीने दिवाळखोरीच्या कायद्याचा आश्रय घेतला. गरीब माणूस नादारीने बुडतो. येथे कंपनी नादारीने तरली. १९८८ साली भरपाईसाठी स्वतंत्र न्यासनिधी उभा राहिला. परंतु मागणारे अंदाजापेक्षा कितीतरी पट निघाले. १९९५ पासून ठरलेल्या भरपाईच्या दर शंभर डॉलरांमागे दहा आणि २००१ पासून तर पाचच डॉलर हाती पडू लागले. त्याच २००१ साली कंपनी मात्र बर्कशायर हॅथवेच्या छत्राखाली सुखरूप गेली.

हे सारे सातासमुद्रापलीकडचे, असे म्हणून आपल्याला हात झटकता येणार नाहीत. साठाहून अधिक देशांनी ॲस्बेस्टॉसवर बंदी घातली. अमेरिकेने उरलेल्या पांढऱ्या ॲस्बेस्टॉसवर २०२४ साली घातली. भारतात मात्र परदेशांतून ते येतच राहिले आणि सिमेंटच्या पत्र्यांत मिसळून आपल्या पडव्यांवर, गोठ्यांवर चढले. मंगळुरी कौलांची जागा घेणारा हा पत्रा शाबूत आहे तोवर फारसा अपाय करीत नाही. तो कोरडा कापताना, त्याला भोके पाडताना, वादळात फुटल्यावर त्याचे तुकडे झाडून काढताना धूळ उडते, आणि ती श्वासावाटे घेणारा बहुधा रोजंदारीवरचा माणूस असतो. त्याच्या नाकावर फडकेसुद्धा नसते, आणि असले तरी ह्या सूक्ष्म तंतूंपुढे ते निरुपयोगीच.

कायदा नाही असे नव्हे. आपल्या सर्वोच्च न्यायालयाने २७ जानेवारी १९९५ च्या निर्णयात कामगाराचे आरोग्य हा त्याच्या जगण्याच्या मूलभूत हक्काचाच भाग ठरविला. ॲस्बेस्टॉस कारखान्यांनी प्रत्येक कामगाराची आरोग्यनोंद कामाला लागल्यापासून किमान चाळीस वर्षे, किंवा काम सुटल्यानंतर पंधरा वर्षे, ह्यांपैकी जी मुदत नंतर संपेल तोवर जपावी, असा आदेशही दिला. रोग उशिरा येतो हे न्यायालयाने जाणले होते. परंतु ठेकेदाराच्या हाताखाली आज इथे, उद्या तिथे राबणाऱ्याची नोंद कोण ठेवणार?

म्हणून आमची मागणी साधी आहे. पत्रे विकणाऱ्याने व बसविणाऱ्याने धोका मराठी-कोंकणीत स्पष्ट सांगावा. पत्रा कापण्यापूर्वी भिजवावा. तुकडे ओलेच गोळा करावेत. आणि तपासणी झालेल्या कामगाराच्या हाती त्याच्या छातीचे चित्र व त्याचा अर्थ, दोन्ही त्याच दिवशी द्यावेत. कारखान्याच्या कपाटावर त्या चित्राचा हक्क नाही. ते ज्याच्या छातीचे, त्याच्याच मालकीचे आहे.