दर्याकडे तोंड असलेलं घर

गेल्या उन्हाळ्यात कुवेतहून चुलतभावाचा फोन आला. ‘‘भाई, जुनं घर पाडू या. सुट्टीत राहायला मस्त बंगला बांधू. मुलांना समोर दर्या दिसला पाहिजे. पुढची सगळी भिंत काचेची करू.’’

श्रीवर्धन तालुक्यातलं आमचं ते घर आजोबांनी जांभ्या चिऱ्यात बांधलेलं. ३ जून २०२० रोजी ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं, तेव्हा त्याची कौलं पत्त्यांसारखी उडाली. घरच्या माणसांनी ती दुपार शेजाऱ्यांच्या स्लॅबच्या खोलीत काढली. त्यामुळे ‘जुनं ते सोनं’ म्हणायला माझी जीभ रेटेना. मी कवी माणूस. मला बांधकामातलं काय कळणार? म्हणून गावचा गवंडी, सुतार आणि एक आर्किटेक्ट मित्र यांना गाठलं. त्यांच्याकडून जे समजलं, ते तुम्हांला सांगतो.

पहिली गोष्ट दिशेची. कोकणात समुद्र पश्चिमेला. दिवसा जमीन पाण्यापेक्षा लवकर तापते, तिच्यावरची हवा हलकी होऊन वर जाते आणि तिची जागा घ्यायला समुद्रावरून गार वारा येतो. पण दुपारनंतरचं रणरणतं ऊनही तिकडूनच येतं आणि पावसाची झडही तिकडचीच. देखावा, वारा, ऊन, पाऊस असे चारही पाहुणे एकाच दाराशी! पहिल्या दोघांना आत घ्यायचं आणि उरलेल्या दोघांना उंबऱ्याबाहेर थांबवायचं, ही किनाऱ्यावरच्या घराची खरी विद्या. बंद काचेची भिंत नेमकं उलटं करते. वारा अडवते आणि ऊन आत घेते. मग बसा दिवसभर एसी लावून.

आजोबांनी याला पडवीने उत्तर दिलं होतं. छप्पर इतकं खाली उतरवलेलं, की ऊन पडवीतच अडायचं आणि वारा माजघरातून मागच्या दारी निघून जायचा. पावसाळ्याच्या तोंडाशी पश्चिमेला झावळ्यांची झापं बांधली, की झडीचा बंदोबस्त झाला.

हेच उत्तर आजच्या भाषेतही देता येतं. रायगड जिल्ह्यातल्या नांदगावला बिजॉय जैन यांच्या स्टुडिओ मुंबईने २००७ मध्ये ‘पामायरा हाउस’ हे सुट्टीचं घर पूर्ण केलं. नारळीच्या बागेत दोन लांबट दुमजली लाकडी इमारती, त्यांच्या मधे मोकळी जागा. सांगाडा ऐनाचा आणि दर्शनी बाजूंना ताडाच्या लाकडाच्या पट्ट्यांची झडपं. ऊन गाळून घ्यायचं, वारा तेवढा आत सोडायचा. पाणी बागेतल्या विहिरींचंच, उंच टाकीत चढवून उताराने खेळवलेलं. २०१० च्या आगाखान वास्तुकला पुरस्काराच्या अंतिम यादीत हे घर होतं.

दुसरी गोष्ट मिठाची. खाऱ्या हवेतले क्षार काँक्रीटमधून आतल्या सळईपर्यंत पोचतात. सळई गंजते, गंज फुगतो आणि स्लॅबचे पोपडे पडू लागतात. म्हणून समुद्राचे तुषार लागतात तिथे सळईवर किमान ५० मिलिमीटर काँक्रीट हवं, असं भारतीय मानक ४५६ सांगतं. एरवी घराच्या आतल्या कोरड्या जागी २० पुरतं. खारी रेती तर मिश्रणात नकोच.

तिसरी गोष्ट वादळाची. वादळी वारा छप्पर नुसतं ढकलत नाही, उचलतो. रुंद वळचण म्हणजे त्याच्या हाती आयती सापडलेली कड. म्हणून पडवीचं छप्पर मुख्य छपरापासून वेगळं ठेवावं; गेलं तर एकटं जाईल. दुपाखीपेक्षा चौपाखी छप्पर जास्त तग धरतं. वाशे जस्ताचा मुलामा दिलेल्या पट्ट्यांनी जखडावेत. आणि जीव वाचवायला एक तरी खोली पक्क्या स्लॅबची असावी.

शेवटची गोष्ट मर्यादेची. २०१९ च्या किनारा नियमन अधिसूचनेनुसार विरळ वस्तीच्या ग्रामीण किनाऱ्यावर भरतीरेषेपासून २०० मीटरांत नवं घर सहसा बांधता येत नाही. तिथलं अधिकृत जुनं घर दुरुस्त करता येतं, पुन्हा उभारताही येतं, पण जुन्या जोत्याच्या मापातच. आणि कायद्याइतकीच विहिरीचीही मर्यादा असते. गोड पाणी बेसुमार उपसलं, की खालून खारं पाणी चढतं. आपण सुट्टी संपवून परत जातो. मचूळ पाणी गावाला वर्षभर प्यावं लागतं.

हे सगळं भावाला सांगितलं. बरीच हुज्जत झाली. अखेर चिऱ्याच्या भिंती ठेवायच्या, छप्पर चौपाखी करायचं आणि मागच्या बाजूला स्लॅबची एक खोली घ्यायची, असं ठरलं.

‘‘आणि माझी काचेची भिंत?’’ तो कुरकुरला.

म्हटलं, ‘‘पडवीत बस. तिथे दर्याच्या बाजूला भिंतच नाही.’’