कमांडच्या शेपटीला मराठी टीप

फोटोंचा बॅकअप महिन्यातून एकदाच घ्यायचा असतो, आणि नेमकी त्याचीच कमांड दर वेळी नव्याने जुळवावी लागते. लिनक्सवर या कामासाठी आरसिंक वापरतात. मूळ फोल्डरच्या नावाशेवटी तिरकी रेघ दिली, तर फक्त आतला ऐवज कॉपी होतो. न दिली, तर अख्खे फोल्डर जाते. एवढ्याशा रेघेने दुसऱ्या डिस्कवरची मांडणी पार बदलते.

एकदा बरोबर जमलेली कमांड शेलच्या इतिहासात साठलेली असते. टाइप केलेली ओळ वाचून संगणकाकडून काम करवून घेणारा प्रोग्राम म्हणजे शेल. सत्तरच्या दशकाच्या अखेरीस बर्कलीत बिल जॉय यांनी सी शेल लिहिला आणि मागची कमांड दोन उद्गारचिन्हांनी पुन्हा चालवण्याची सोय त्यात दिली. ब्रायन फॉक्स यांनी ग्नू प्रकल्पासाठी लिहिलेला बॅश १९८९ मध्ये आला. त्यातही ही सोय आहे. शिवाय कंट्रोल आणि आर ही बटणे एकत्र दाबली, की जुन्या ओळींत शोध घेता येतो.

पण शोधायचे काय? ‘आरसिंक’ टाइप केले तर सारख्याच दिसणाऱ्या अनेक ओळी पुढे येतात. इथे हॅशचे चिन्ह कामी येते. कमांडनंतर एक जागा सोडून # दिले, की पुढचा मजकूर शेल चालवत नाही, मात्र इतिहासात जपून ठेवतो.

# फोटो बॅकअप, शेवटची रेघ हवीच

टर्मिनल यूटीएफ-८ वर असेल, तर टीप अशी मराठीतही लिहिता येते. पुढच्या महिन्यात ‘फोटो’ शोधले की कमांड हजर, आणि रेघेची आठवणही सोबत.

फायली पुसणारी कमांड अर्धी लिहून शंका आली, तर ओळीच्या सुरुवातीला # घालून एंटर दाबावे. काहीच पुसले जात नाही आणि लिहिलेली ओळ वायाही जात नाही.

मॅकवर २०१९ च्या कॅटालिना आवृत्तीपासून झी शेल हाच मूळ शेल असतो. त्यात थेट टाइप करताना # ची ही सोय मुळात बंद असते. ‘इंटरॅक्टिव्ह कॉमेंट्स’ हा पर्याय चालू करावा लागतो.

इतिहासाची फाइल साध्या मजकुराची असते, म्हणून पासवर्ड कमांडमध्ये कधीच लिहू नये. बॅशची मूळ मर्यादाही ५०० ओळींचीच आहे. वर्षभर लागणारी कमांड टिपेसकट वेगळ्या फाइलमध्ये आजच उतरवून ठेवा.