उलट्या पावलांची नायिका

अद्‌भुत कथेत सृष्टीचे नियम शिथिल होतात. त्यामुळे समाज ज्यांना निसर्गनियम मानत आला, ते वस्तुतः माणसांनीच घातलेले निर्बंध आहेत, हे दाखविण्याची सोय तीत असते. स्त्रीवरील बंधने अशांपैकीच होत. उत्तर भारतीय लोककथेतील उलट्या पावलांची चुडैल (मराठीतील हडळ तिचीच बहीण) पुरुषांचे प्राण घेणारी म्हणून भयप्रद ठरते. ती कोणाच्या अन्यायाने तशी झाली, याकडे भयपट सहसा लक्ष देत नाहीत. अन्विता दत्त दिग्दर्शित ‘बुलबुल’ या २०२० साली नेटफ्लिक्सवरून प्रदर्शित झालेल्या हिंदी चित्रपटाने नेमका हाच प्रश्न केंद्रस्थानी आणला.

कथेचा आरंभ १८८१ सालच्या बंगालमध्ये होतो. संमतिवयाचा कायदा होण्यास तेव्हा दहा वर्षे अवकाश होता. बालवधू बुलबुलच्या पायात जोडवी घातली जातात. ती कारण विचारते, तेव्हा तिला सांगण्यात येते की, तेथील शीर दाबली नाही तर मुली उडून जातात. सबंध चित्रपटाचे सूत्र या उत्तरात आहे. पुढे ती मोठी होते. धाकट्या दिरावरील तिच्या स्नेहाचा संशय येऊन जमीनदार पती लोखंडी सळईने तिची पावलेच ठेचतो. त्या अवस्थेत त्याचा मतिमंद जुळा भाऊ तिच्यावर बलात्कार करतो व तिचा प्राण जातो. जाऊ मौनाचा उपदेश करते, कारण वाड्याची अब्रू राखण्यातच तिचेही स्थान टिकून असते. बुलबुल पुन्हा उठते ती कालीच्या सामर्थ्याने. ठेचलेली पावले आता उलटी वळलेली असतात. ज्या अवयवाला जखडले, तोच तिच्या मुक्तीची खूण होतो.

तिच्या हातून मरतात ते स्त्रियांना छळणारे पुरुष. गाव मात्र तिला चुडैल म्हणते. लंडनहून शिकून आलेला प्रेमळ दीरदेखील तिच्या डॉक्टरांशी असलेल्या मैत्रीवर आक्षेप घेतो. पितृसत्ता केवळ क्रूर माणसांच्या आधारे टिकत नाही, हे येथे स्पष्ट होते.

तथापि, या मुक्तीला एक मर्यादा आहे. सामर्थ्य लाभण्यापूर्वी नायिकेला मरावे लागते. जिवंत बुलबुलच्या साहाय्याला कायदा, कुटुंब वा शेजार यांपैकी कोणीही आले नाही. प्रेक्षकाला खरे भय वाटावे, ते या गोष्टीचे.